काडतूस भरण्याचा छंद: पहिली खरेदी कशाची?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या शूटिंग रेंजवर नेमाने जाणाऱ्या वाचकांची काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. विषय एकच आहे: झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरणे, म्हणजे रीलोडिंग. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. इथे मात्र गोळी म्हणजे फक्त नळीतून बाहेर जाणारा धातूचा तुकडा. मागची पितळी नळकांडी ती पुंगळी, तिच्या बुडात बसतो तो प्रायमर आणि आत जळते ती पावडर. पुंगळी परत वापरता येते, बाकीचे तीन जिन्नस दर वेळी नवे लागतात. भरण्याचे काम दांड्याने चालणाऱ्या प्रेस नावाच्या यंत्रावर होते आणि पुंगळीला आकार देणारा, गोळी बसवणारा त्यातला साचा म्हणजे डाय.

प्रश्न: टेक्सासमध्ये राहतो. ९ मिलिमीटरचे पिस्तूल आहे, महिन्याला २०० फैरी होतात. पुढे .३०८ ची रायफल घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो थेट प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्या, क्लबातले म्हणतात सिंगल-स्टेजने सुरुवात करा. कोणाचे ऐकू?

उत्तर: क्लबातल्यांचे, पण तुमच्या गरजेप्रमाणे त्यात जरा बदल करून.

सिंगल-स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय बसते आणि दांडा एकदा ओढला की एकच काम होते. ५० पुंगळ्यांना आधी आकार द्यायचा, मग डाय बदलून ५० ची तोंडे गोळी बसेल इतकी उमलवायची, मग पुढचे काम. आरसीबीएसचा रॉक चकर हा ओतीव लोखंडाचा प्रेस या प्रकारातला नावाजलेला आहे. टरेट प्रेसमध्ये चार डाय एका फिरत्या चकतीत बसवून ठेवता येतात, त्यामुळे दांडा चारदा ओढला की एक काडतूस तयार. प्रोग्रेसिव्हमध्ये चकतीवर एकाच वेळी चार-पाच पुंगळ्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते.

वेग पाहिला तर सिंगल-स्टेजवर तासाला साधारण ५०, टरेटवर १५० च्या आसपास आणि प्रोग्रेसिव्हवर ४०० च्या पुढे काडतुसे होतात. तुमच्या २०० फैरींना सिंगल-स्टेजवर महिन्याचे चार तास लागतील, टरेटवर दीड तास. एवढ्यासाठी प्रोग्रेसिव्हची गरज नाही.

नवख्याने प्रोग्रेसिव्ह टाळावा याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. पाच ठिकाणी पाच गोष्टी एकदम चालू असतात आणि काहीतरी अडकतेच: प्रायमर सरकत नाही, पुंगळी तिरकी बसते. हात थांबतो, दांडा अर्ध्यातून मागे येतो. आता समोरच्या पुंगळीत पावडर पडली की नाही? ज्या प्रेसची चकती हाताने फिरवावी लागते, उदाहरणार्थ डिलनचा ५५०, तिथे फिरवायचे विसरले तर त्याच पुंगळीत दुसरे माप पडते. दाट आणि झटकन जळणाऱ्या पावडरीचे दुप्पट माप ९ मिलिमीटरच्या पुंगळीत ओसंडल्याशिवाय मावू शकते. वरून गोळी बसली की बाहेरून काही कळत नाही. ते काडतूस पिस्तूल फोडते. पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. रेंजवर आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर तिथेच थांबायचे, पिस्तूल रिकामे करायचे आणि नळीत सळई घालून पाहायचे.

सिंगल-स्टेजची मोठी सोय इथेच आहे. पावडर भरलेल्या ५० पुंगळ्या लोडिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे खाचांच्या ठोकळ्यात, शेजारी शेजारी उभ्या राहतात. टॉर्च घेऊन वरून पाहिले की एखादीत पातळी वर किंवा खाली असेल तर ती लगेच डोळ्यात भरते. गोळी बसवायला घेण्याआधी हे पाहणे कधीही चुकवू नका.

म्हणून तुम्हाला सुचवतो ते असे: ली कंपनीचा क्लासिक टरेट किंवा त्यासारखा चार भोकांचा प्रेस घ्या. त्यातली आपोआप फिरवणारी सळई काढून ठेवली की तो सिंगल-स्टेजसारखा चालतो. पहिल्या काही शेकडा फैरी तसाच वापरा. हाताला क्रम बसला की सळई परत घाला. .३०८ आली की दुसरी चकती विकत घेऊन तिच्यात रायफलच्या डाय कायम बसवून ठेवता येतील.

आता डाय. बहुतेक प्रेस आणि डाय ७/८ इंच व्यासाच्या, इंचाला १४ आट्यांच्या असतात, त्यामुळे एका कंपनीची डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये चालते. डिलनचा स्क्वेअर डील बी हा प्रेस अपवाद, त्याला त्याच्याच डाय लागतात. जुना मिळतो म्हणून घेताना हे ध्यानात ठेवा. पिस्तुलासाठी कार्बाइडचा (आत अतिकठीण कार्बाइडची कडी असलेला) सेट घ्या, पुंगळीला वंगण लावावे लागत नाही. मात्र कार्बाइडची कडी ठिसूळ असते. डाय बसवताना शेलहोल्डर (पुंगळीचे बूड धरणारा तुकडा) वर आणून ती त्याला टेकेपर्यंत फिरवा आणि कागदाएवढी फट राहील इतकी मागे घ्या. शेलहोल्डर आपटत राहिला तर कडी तडकते.

९ मिलिमीटरला क्रिम्पसाठी, म्हणजे पुंगळीचे तोंड गोळीभोवती मिटवण्यासाठी, चौथी स्वतंत्र डाय घ्या. हे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर टेकते, म्हणून कड आत दुमडणारा रोल क्रिम्प इथे चालत नाही, टेपर क्रिम्प लागतो. त्याचे काम एवढेच की गोळी बसवण्यासाठी उमललेले तोंड परत सरळ व्हावे. तोंडापाशी व्यास ०.३८० इंचाच्या वर नको. नळी सुटी काढून तिच्यात काडतूस सोडा: 'टक्' असा आवाज होऊन ते पूर्ण बसले, बोटाने फिरले आणि नळी उलटी करताच खाली पडले तर काम बरोबर झाले.

प्रश्न: प्रेससोबतचे तयार किट घ्यावे की एकेक वस्तू? बजेट बेताचे आहे. कशावर खर्च करू आणि कशावर वाचवू?

उत्तर: मोजणाऱ्या वस्तूंवर खर्च करा, वेग वाढवणाऱ्या वस्तूंवर वाचवा. किटमध्ये बहुधा उलटे असते: प्रेस दणकट आणि काटा हलका.

पावडर ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, एका पौंडात ७,००० ग्रेन. काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवणारा हवा आणि त्याच्याबरोबर तपासणीची वजने हवीतच. आपले माप ज्या टप्प्यात आहे त्याच्या आसपासचे वजन दर बैठकीला आधी ठेवून पाहा. दांडीचा काटा हळू चालतो, पण त्याला वीज लागत नाही आणि तो आपसूक भरकटत नाही. डिजिटल घेतलात तर चालू करून वीस-तीस मिनिटे तापू द्या. एसीचा झोत आणि मोबाइल त्याच्यापासून दूर ठेवा. पारडे उचलल्यावर जो उणे आकडा येतो तो टिपून ठेवा. पुढे तो बदललेला दिसला तर शून्य सरकले आहे असे समजा.

दुसरी महत्त्वाची वस्तू कॅलिपर, ०.००१ इंच दाखवणारे. ९ मिलिमीटर काडतुसाची कमाल लांबी १.१६९ इंच आहे, पण तुमच्या गोळीसाठी मॅन्युअल (मापांचे छापील पुस्तक) जी लांबी सांगते तीच पाळायची. या छोट्या पुंगळीत गोळी जराशी जास्त खोल गेली तरी पावडरीला उरलेली जागा बरीच कमी होते आणि दाब झपकन चढतो. पावडर तेवढीच, तरीही.

तिसरी वस्तू मॅन्युअल, आणि शक्य तर दोन: एक पावडर बनवणाऱ्याचे, एक गोळी बनवणाऱ्याचे. गोळीचे वजन, तिचा प्रकार, पावडरीचे पूर्ण नाव, सगळे जुळल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही. दिलेल्या सुरुवातीच्या मापापासूनच आरंभ करायचा आणि थोड्या थोड्या पायऱ्यांनी वर जायचे. मित्राने फोनवर सांगितलेले माप वापरू नका. पावडरींची नावे एकमेकींसारखी असतात आणि एका अंकाच्या फरकाने पावडर पार वेगळी निघते.

गोळी उपटण्याचा हातोडा पहिल्याच दिवशी लागतो, कारण पहिल्याच दिवशी चूक होते. तो स्वस्त असतो, घ्याच. चष्मा घ्या. लोडिंग ब्लॉक आणि फनेल हवेत. पावडर-मेझर (दर खेपेला ठरलेले माप पाडणारे साधन) घेतलात तर त्याचा हॉपर, म्हणजे वरची टाकी, एक-तृतीयांशाच्या वर भरलेला ठेवा, पहिली दहा मापे परत हॉपरमध्ये ओता म्हणजे पावडर नीट बसते आणि मग सलग दहा मापे वेगवेगळी तोला. दहा एकत्र तोलून भागाकार केला तर एक जास्त आणि एक कमी हे लपून जाते. बारीक गोलसर दाण्यांची पावडर मेझरमधून सारखी पडते. शेवयांच्या तुकड्यांसारखी लांबट पावडर कापली जाते आणि मापे खालीवर होतात.

काम संपले की हॉपरमधली पावडर मूळ डब्यात परत. काही पावडरी प्लॅस्टिक खातात हे एक कारण. दुसरे मोठे कारण असे की आठवड्याने हॉपरमध्ये नेमके काय आहे हे कोणालाच ठाम सांगता येत नाही. टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा असावा.

वाचवायचे तर टंबलर (पुंगळ्या घुसळून साफ करणारे यंत्र), पावडर आपोआप तोलून देणारा इलेक्ट्रॉनिक डिस्पेन्सर आणि दिव्याच्या पट्ट्या यांवर.

प्रश्न: टंबलर नाही. पुंगळ्या चिंचेने घासल्या तर चालतील का? आमच्याकडे समया तशाच लख्ख होतात.

उत्तर: रसायन तेच आहे. आम्ल पितळेवरचा काळा थर उतरवते. पण चिंचेचा गर पुंगळीच्या आत आणि प्रायमरच्या खळग्यात राहून जातो, म्हणून त्याऐवजी लिंबूसत्त्व वापरा. गरम पाण्यात थोडे लिंबूसत्त्व आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून दहा मिनिटे पुंगळ्या बुडवा, हलवा आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. तासभर विसरलात तर पितळ गुलाबी दिसू लागते, म्हणजे वरचे जस्त निघून गेले. कडक उन्हात एक-दोन दिवस वाळू द्या. आत ओल राहिली तर पावडर वाया. घाईने ओव्हनमध्ये घालू नका. जास्त तापले तर पुंगळीचे बूड मऊ पडते आणि सगळा दाब झेलायचा असतो तो नेमका बुडानेच.

पितळ चमकवायची जी पॉलिशे मिळतात त्यातल्या काहींत अमोनिया असतो, ती पुंगळीला लावू नका. याचा इतिहास आपल्याच भूमीतला आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि कोणी हात न लावता तडकत. हंगामात होणारे म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. पितळ ओढून बनवताना त्यात ताण उरतो आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया त्या ताणलेल्या धातूला भेग पाडतो, हा उलगडा १९२१ मध्ये झाला.

आणि हे काम स्वयंपाकघरात नको. प्रायमरच्या काजळीत शिसे असते. ही भांडी वेगळी ठेवा, ती पुन्हा अन्नाकडे नेऊ नका.

प्रश्न: .३०८ ची पुंगळी डायमध्ये अडकली. दांडा ओढून ओढून तिची कडा फाटली. डाय गेली का?

उत्तर: डाय वाचते. आता आणखी जोर लावू नका.

अडकण्याचे कारण जवळपास नेहमी वंगण. निमुळत्या मानेच्या रायफल पुंगळीला वंगण लागतेच, डाय कार्बाइडची असली तरी. फवाऱ्याचे वंगण मारून लगेच काम सुरू केले तर त्यातला द्राव उडालेला नसतो आणि खरे वंगण पृष्ठभागावर बसलेले नसते. फवारल्यावर पाच-दहा मिनिटे थांबायचे. लॅनोलिनचे मेणासारखे वंगण बोटांनी चोळले तर ही भानगड नाही. जास्त लावले तर उलट त्रास: पुंगळीच्या खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) खळगे पडतात, कारण डायमध्ये कोंडलेले तेल दबत नाही, पितळच दबते.

काढण्यासाठी स्टक-केस रिमूव्हर मिळतो. आधी डायमधली मधली दांडी जमेल तितकी वर घ्या. ती ठोकून पुंगळी बाहेर काढायचा प्रयत्न केला तर दांडी वाकते. मग पुंगळीच्या बुडात ७ नंबरच्या ड्रिलने भोक, त्यात १/४-२० चे आटे, बुडावर किटमधली टोपी आणि वरून बोल्ट. बोल्ट आवळत गेलात की पुंगळी सावकाश खाली येते. डाय खोलून साफ करा.

तुम्ही .३०८ भरताच आहात म्हणून आणखी दोन गोष्टी. दर वेळी झाडल्यावर आणि आकार दिल्यावर पितळ पुढे सरकते आणि मान लांबते. पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून ती २.००५ वर आणायची. लांबलेली मान चेंबरच्या पुढच्या कडेत चिमटली जाते, गोळीला सुटायला जागा राहत नाही आणि दाब चढतो. म्हणजे रायफलसाठी ट्रिमर आणि कापल्यावर कडेची धार घासून काढायचे हत्यार ही खरेदी चैन नव्हे. दुसरे, पुढे सरकलेले पितळ येते बुडाच्या जरा वरच्या भागातून, त्यामुळे तिथली भिंत पातळ होते. बाहेरून तिथे चमकदार वर्तुळ दिसू लागते. सरळ केलेल्या पेपरक्लिपचे टोक वाकवून आतून ओढून पाहा. बुडाजवळ खाचेत अडकल्यासारखे जाणवले तर ती पुंगळी चेपून भंगारात. डायने खांदा प्रमाणाबाहेर मागे ढकलला तर ही वेळ लवकर येते. बोल्ट-ॲक्शनला (हाताने खिट्टी ओढायच्या रायफलला) खांदा ०.००२ इंच मागे पुरतो आणि ते मोजायला कॅलिपरवर बसणारा कंपॅरेटर नावाचा जोड लागतो.

प्रश्न: एच-१बी वर आहे. रेंजवर भाड्याच्या पिस्तुलाने सराव करतो. फक्त रीलोडिंगचे सामान घरी ठेवले, बंदूक नाही, तर चालेल ना? भारतात जाताना भावासाठी प्रेस नेता येईल का?

उत्तर: हा प्रश्न उपकरणाआधीचा आहे, आणि मराठी घरांत तो फार जणांना लागू आहे.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार १९९८ पासून नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसे बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ हे सगळे त्यात आले. आणि त्या कायद्यात काडतूस या शब्दाच्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सुटे जिन्नसही येतात. म्हणजे घरात बंदूक नसली तरी पावडरीचा डबा आणि प्रायमरची पेटी पुरेशी आहे. अपवाद आहेत. त्यातला सर्वाधिक वापरला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा रीतसर, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. मुदत संपली की अपवादही संपला. हा गंभीर फौजदारी गुन्हा आहे आणि व्हिसाही त्यात अडकतो, म्हणून राज्याचे नियम आणि स्वतःची कागदपत्रे इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई नाही. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो.

भारतात प्रेस नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याविना काडतुसे बनवायला मनाई आहे आणि काडतूस या शब्दाच्या व्याख्येत ते बनवण्याची यंत्रसामग्रीही धरली आहे. पावडर आणि प्रायमर तर अमेरिकेच्या विमानात हातातल्या किंवा सोडलेल्या, कोणत्याच सामानात चालत नाहीत. भावाला नेमबाजीची हौस असेल तर त्याने जिल्ह्याच्या रायफल क्लबात नाव घालावे.

प्रश्न: अपार्टमेंटमध्ये राहतो, तीन वर्षांची मुलगी आहे. बेसमेंट नाही. सामान कुठे ठेवू?

उत्तर: आधी भाडेकरार वाचा, काहींत पावडर ठेवायला बंदी असते. अमेरिकेत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकानुसार राहत्या घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत बिनधुराची पावडर आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवता येतात. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. तुम्हाला एवढे लागणारही नाही. हिशोबापुरते एका काडतुसाला ५ ग्रेन धरले (हे भरायचे माप नव्हे) तर एका पौंडात १,४०० काडतुसे होतात.

पावडर जाड लोखंडी तिजोरीत घट्ट कोंडू नका. आग लागली तर दाब साठून स्फोट होतो. एक इंच जाडीच्या फळ्यांची, कुलूप लावता येईल अशी लाकडी पेटी योग्य. ती हीटर आणि उन्हापासून लांब ठेवा. प्रायमर वेगळ्या कपाटात आणि मूळ खोक्यातच. त्यातले कप्पे एकाचा भडका दुसऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणूनच असतात. बरणीत ओतून ठेवलेले प्रायमर हा बॉम्ब आहे.

लहान मुलीसाठी मोठी चिंता शिशाची. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी दक्षतेचा आकडा २०२१ मध्ये डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणला, आणि रांगणारे-खेळणारे मूल जमिनीवरची धूळ तोंडात घालते. गालिचा असलेल्या खोलीत हे काम नको. टेबल ओल्या कागदाने पुसा, झाडू नका. सांडलेली पावडर किंवा प्रायमर व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, मोटारीची ठिणगी पुरेशी असते. कोरडा टंबलर घरात चालवूच नका. काम झाले की शिसे काढणाऱ्या साबणाने, गार पाण्याने हात धुवा, शर्ट बदला आणि मग मुलीला उचला.

प्रेस भिंतीतल्या कपाटाला ठोकता येत नसेल तर जाड फळीवर बोल्ट करून ती फळी दोन सी-क्लॅम्पनी मजबूत टेबलाला आवळा. टेबल हलले तर मेझरची मापे बदलतात.

प्रश्न: एक ओळखीचे गृहस्थ छंद सोडत आहेत. प्रेस, डाय, उघडलेले पावडरीचे डबे आणि स्वतः भरलेली ३०० काडतुसे, सगळे मिळून स्वस्तात देतात. घेऊ का?

उत्तर: प्रेस घ्या. ओतीव लोखंडाचा प्रेस पिढ्यान्पिढ्या चालतो. रॅम (वरखाली होणारा खांब) वर नेऊन बाजूला हलवून पाहा, फार खुळखुळत असेल तर सोडा. डायच्या आत गंज किंवा ओरखडा असेल तर त्या नकोत, दर पुंगळीवर तोच ओरखडा उमटेल.

उघडे डबे घेऊ नका. लेबलावर एक नाव आणि आत दुसरी पावडर असेल तर ते ओळखण्याची घरगुती रीत नाही. ३०० काडतुसे झाडू नका, कितीही भला माणूस असो. गोळी उपटायच्या हातोड्याने ती सुटी करता येतात. गोळ्या आणि पुंगळ्या वापरा, पावडर मोकळ्या हिरवळीवर पातळ पसरून टाका.

प्रश्न: याच प्रेसवर १२ बोअरची काडतुसे आणि .२२ भरता येतील का?

उत्तर: १२ बोअरला वेगळा प्रेस लागतो. शिवाय तिथे हल (बाहेरचे नळकांडे), वॉड (पावडर आणि छर्रे यांमधला बूच), प्रायमर, पावडर आणि छर्रे हा पूर्ण संच मॅन्युअलप्रमाणेच घ्यावा लागतो. वॉड बदलला तरी दाब बदलतो. .२२ रिमफायरमध्ये प्रायमरचे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि झाडताना ती कड चेपते, त्यामुळे ती विकतच घ्या. रेंजवरून पुंगळ्या गोळा करताना .२२ च्या बाजूला टाका, तशाच स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्याही. पितळी असली तरी आत टॉर्च मारून पाहा: मध्यभागी एक भोक असेल तर ती बॉक्सर प्रकारची, घ्या. दोन बारीक भोके असतील तर बर्डन प्रकारची, आपल्या डायची जुना प्रायमर ढकलणारी पिन तिथे मोडते.